पंपरूममागचा धूर

मला माहीत होतं. ही हकीकत मी कुणाला सांगायला लागलो की हे वाक्य नेहमी अगदी शेवटी, अडखळत यायचं. म्हणून इथे ते आधीच लिहून टाकतो. आमच्या सोसायटीच्या सभेत एका माणसावर पेट्रोल चोरल्याचा आळ आला, तेव्हा ते पेट्रोल कुठे गेलं हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः, दुसरा मी. त्याने खरं सांगितलं, पण कुणाला पटलं नाही. मी सांगितलं असतं तर पटलं असतं, कारण मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो असं म्हणणंही सोयीचं आहे. मी एक वाक्य बोललो होतो, आणि ते गप्प बसण्यापेक्षा वाईट होतं.

नवीन पनवेलमध्ये आम्ही घर घेतलं ते खालच्या गवतामुळे. तीन इमारतींच्या मधोमध चांगली ऐसपैस मोकळी जागा होती, कडेने बदामाची झाडं. बिल्डरच्या जाहिरातीत तिला लॉन म्हटलं होतं. पावसाळा संपता संपता तिचं रान व्हायचं. त्या काळात विमानतळाच्या नुसत्या गप्पा होत्या आणि त्या गप्पांवर घरांचे भाव चढत होते. हवा मात्र काही जाहिरातीसारखी नव्हती. थंडीत संध्याकाळी वारा पडला की तळोज्याच्या केमिकल कारखान्यांच्या बाजूने वास यायचा. कधी सडक्या अंड्याचा, कधी गोडसर, नखं रंगवायच्या रंगासारखा. लोक खिडक्या लावून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात एकमेकांना विचारायचे, "काल आला होता का तुमच्याकडे?" पाहुण्याबद्दल विचारावं तसं.

मी विमा कंपनीत दावे तपासायचो. दुकान खरंच जळलं की जाळलं, गाडी खरंच चोरीला गेली की कुठे लावून ठेवली, हे शोधायचं माझं काम. या कामात माणूस संशयी होतो असं म्हणतात. मी आधीपासूनच होतो, कामाने फक्त त्या संशयाला पगार मिळवून दिला. फार व्यवस्थित मांडलेला दावा दिसला की माझे कान टवकारायचे. घरी आल्यावर कान तसेच टवकारलेले राहायचे, एवढंच.

गवत कापायला मामा यायचे. सगळी सोसायटी त्यांना मामाच म्हणायची. रुळांपलीकडे खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. जमीन केव्हाच शहरात गेलेली. मधली बरीच वर्षं ते तळोज्याला एका केमिकल कंपनीत कंत्राटावर होते. तिथे छाती बिघडली. डॉक्टरांनी सांगितलं, आता धुरावाफेत राहायचं नाही. आमच्याकडे काम मागायला आले तेव्हा ते मला म्हणाले होते, "छाती गेली आमची तळोज्यान, सायेब. उगड्यावरचा काम द्या, काय पन करीन." मी त्यांना उघड्यावरचं काम दिलं, आणि हातात पेट्रोलचं मशीन दिलं.

ते मशीन म्हणजे एक प्रकरण होतं. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली की ते एकदाचं पेटायचं, निळा धूर ओकायचं आणि मग विहिरीत रिक्षा चालवल्यासारखा आवाज करत राहायचं. मामा नाकाला रुमाल बांधायचे. काम झालं की पंपरूमच्या पायरीवर बसून खोकायचे, मग तंबाखू मळायचे.

त्या आवाजाचा लोकांना त्रास होता, मला आधार होता. सोसायटीच्या कामावर देखरेख माझी, आणि मी दिवसभर ऑफिसात. म्हणून मी घरी फोन लावायचो. आमचं स्वयंपाकघर चौथ्या मजल्यावर. खिडकीतून पंपरूमची मागची भिंत आणि गवताचा एक कोपरा एवढंच दिसायचं, बाकी सगळं बदामांच्या पानांआड.

"मशीन चालू आहे का?" मी विचारायचो.

"हे घ्या, ऐका," म्हणून बायको कॉर्डलेस फोन खिडकीच्या गजांबाहेर धरायची. तिकडून घरघर आली की मी निश्चिंत. एकदा ती म्हणाली, "लोक ऑफिसातून बायकोचा आवाज ऐकायला फोन करतात." मी हसलो, पण पुढच्या वेळी पुन्हा फोन केला.

माझा संशय अगदीच हवेतला होता असंही नाही. एका उधाणाच्या दिवशी मामा मधूनच गायब झाले होते. दुसऱ्या दिवशी खेकड्यांची पिशवी घेऊन आमच्या दारात उभे. "वैनी, चिंबोऱ्या हायत. जित्या हायत." काम सोडून खाडीत गेले होते, आणि ते लपवावं असंही त्यांना वाटलं नव्हतं. मी रागावलो. चिंबोऱ्या आम्ही खाल्ल्या. पण तो दिवस मी मनात जपून ठेवला, एखाद्या दाव्याला लावायचा कागद जपून ठेवावा तसा.

मशीन बदलायची गोष्ट काढली ती तळमजल्यावरच्या बाईंनी. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. वार्षिक सभेत तळोज्याच्या वासावर नेहमीसारखी चर्चा चालली होती. बाई उठल्या.

"तळोज्याबद्दल आपण किती अर्ज दिले?"

"पुष्कळ," मी म्हणालो.

"उपयोग?"

मी अर्जांची फाइल मिटली.

"मग आपल्या हातातलं आधी करू. ते गवताचं मशीन चालू असलं की मला गॅलरीत उभं राहवत नाही. खाली पोरं खेळतात, ती तोच धूर घेतात. आणि मामांचा खोकला ऐका कधीतरी. विजेवरचं मशीन मिळतं, ते आणा."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, एका मशीनने पनवेलची हवा सुधारणार का?"

"पनवेलची नाही म्हटलं मी. गॅलरीची म्हटलं."

लोक हसले, ठराव झाला. आमचे चेअरमन, ज्यांना सगळे चाचा म्हणायचे, ते लगेच म्हणाले, "मी आणतो. मस्कतला आमच्या कंपनीच्या कॅम्पात असंच मशीन होतं. बिलकुल आवाज नाही." चाचा मूळचे कोकणी मुसलमान, अर्धं आयुष्य आखातात काढून आलेले, आता जुन्या पनवेलात रंग आणि हार्डवेअरचं दुकान. स्वतःहून पुढे होणारा माणूस मला कधीच आवडत नाही. यात यांचं काय? त्यांच्या ओळखीचा दुकानदार असणार. मधे काहीतरी सुटणार. मी दोन दुकानांत जाऊन भाव विचारून आलो. चाचांनी आणलेलं स्वस्तच निघालं. मग मला वाटलं, नक्की जुनं, वापरलेलं असणार. पंपरूममध्ये उकिडवा बसून मी त्या मशीनची पाती आणि चाकं तपासत होतो, तेवढ्यात चाचा मागे येऊन उभे राहिले.

"क्या बात है, सेक्रेटरीसाब. नाडी बघताय? जिंदा आहे का?"

मी म्हणालो, "नाही, जरा वायर बघत होतो."

हिंदू माणसाने आणलं असतं तर मी दोन दुकानं फिरलो असतो का, हा प्रश्न तेव्हा मी स्वतःला विचारला नाही. आता विचारतो. उत्तर मला आवडत नाही.

एका बाबतीत मी अडून बसलो. जुनं मशीन विकायचं नाही. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, मधेच भारनियमन असतं, तेव्हा काय करणार? समितीने मानलं. जुनं मशीन पंपरूममध्ये राहिलं, शेजारी पेट्रोलचा एक डबा. वीज नसेल तेव्हाच वापरायचं, आणि डबा संपला की माझ्या सहीने भरायचा.

नवं मशीन मामांना पहिल्याच दिवशी आवडलं. "हा तं शिवनयंत्र हाय," ते म्हणाले. लांब वायर खांद्यावर टाकून ते गवतातून फिरायचे, वायर पात्याखाली येऊ नये म्हणून एका हाताने ती झटकत. रुमाल आता गळ्यात असायचा, नाकावर नाही. महिन्याभरात पायरीवरचा खोकलाही कमी झाला. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "बायको बोलते, आता झोपताव तुमी. आदी रातभर उटून बसाचाव." मी "बरं झालं" म्हणालो, आणि मनात आलं, हे मला मुद्दाम का सांगतायत?

कारण त्याच आठवड्यात मी घरी फोन केला होता आणि बायकोने फोन खिडकीबाहेर धरला होता, आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं. कावळा ओरडला, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. बस्स.

"येत नाहीये आवाज," मी म्हणालो.

"नव्या मशीनला नसतोच आवाज. त्यासाठीच आणलं ना?"

"थोडातरी असेल. मामा दिसतात का?"

"झाडं आहेत मधे. असतील तिकडे. मी पोळ्या करतेय."

संध्याकाळी खाली उतरून गवत पाहिलं. कापलेलं दिसत होतं. पण आज कापलेलं की परवाचं? मी खाली वाकून पाती चोळून पाहिली. वाळलेली वाटली, मग वाटलं, उन्हाने वाळली असतील. कशानेच खात्री पटेना. इतकी वर्षं मी ते काम कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. आवाज गेला आणि माझ्या हातातला एकुलता एक पुरावा गेला. दुसऱ्या फोनलाही तसंच झालं तेव्हा मी मामांचा खाडा लावला, म्हणजे त्या दिवसाची मजुरी कापली.

ते गेटपाशी माझी वाट बघत थांबले होते.

"सायेब, आमी आलतो. खाडा कसा?"

"आवाज नव्हता, मामा."

"मशीनच मुकी हाय, तं आवाज कुटशी येल? गवत बगा ना."

"गवत कापलंय, पण कधी कापलं ते गवतावर लिहिलेलं नसतं." हे वाक्य मी ऑफिसात थोड्या फरकाने रोज वापरायचो.

"मंग आमी काय करू? गानी म्हनू?"

वॉचमन हसला. मला ते झोंबलं. मी म्हणालो, "ते मला माहीत नाही. आवाज आला की मला कळतं काम चालू आहे. नाही आला तर खाडा." आणि चिंबोऱ्यांची आठवणही करून दिली. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, तंबाखू थुंकले, आणि सायकल काढून गेले.

पुढच्या आठवड्यात फोन केला तर पलीकडून घरघर. तीच जुनी, विहिरीतली. मला इतकं बरं वाटलं की ती ऐकू यायला नको होती, हेही माझ्या लक्षात आलं नाही. मग लक्षात आलं, तेव्हा मी मनाला सांगितलं, वीज गेली असेल. वीज नसती तर कॉर्डलेस फोन चाललाच नसता, आणि बायकोला विचारलं असतं तर तिनेही एका शब्दात सांगितलं असतं. मी विचारलं नाही. त्यानंतर दर वेळी आवाज येत राहिला. पेट्रोलचा डबा लवकर लवकर संपायला लागला. मी सही करत राहिलो. ज्या माणसाने दुकानाच्या दाव्यात जळालेल्या कापडाचे तागे मोजले असते, तो मी, त्या डब्याकडे पाहायला तयार नव्हतो.

एकदा ताप आल्यामुळे मी घरी होतो. अंथरुणात पडल्या पडल्या घरघर सुरू झाली आणि बायकोने हाक मारली.

"अहो, इकडे या जरा. खिडकीत."

मी उठून गेलो. पंपरूमच्या मागे, भिंतीला टेकवून, पेट्रोलचं मशीन उभं होतं. एकटंच. चालू होतं, थरथरत होतं, निळा धूर भिंतीवरून वर चढत होता. जवळ कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात दिवा चालू होता, म्हणजे वीज होती. मग बदामाच्या फांद्यांमधून, गवताच्या कोपऱ्यावर मामा दिसले. ते विजेचं मशीन ढकलत होते. वायर खांद्यावर. रुमाल पुन्हा नाकावर बांधलेला. वळताना थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून खोकले, आणि पुन्हा ढकलायला लागले. त्यांचा खोकला ऐकू येत नव्हता. घरघरीत तो बुडून गेला होता.

"तुमच्यासाठी लावलंय ते," बायको म्हणाली.

"माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी? मी दोन-तीनदा बघितलं. आधी ते पेटवून ठेवतात, मग कामाला लागतात. बिनआवाजाच्या कामाचे खाडे कुणी लावले?"

मी खिडकीचा गज धरून खाली बघत राहिलो.

"जाऊन सांगा त्यांना, बंद करा म्हणून. छाती आधीच गेलेली आहे त्या माणसाची."

"सांगतो," मी म्हणालो. ताप उतरू दे, असं मनाशी म्हणालो. ताप उतरला, मी सांगितलं नाही. त्यासाठी मला त्यांच्यासमोर उभं राहून म्हणावं लागलं असतं की तुमचं काम मी बघत नव्हतो, नुसता ऐकत होतो, आणि चुकलो. त्यापेक्षा खालची एक गोष्ट आहे, तीही सांगतो. आवाज बंद केला की मामा येतात की नाही हे मला पुन्हा कळणार नव्हतं. सगळं डोळ्यांनी पाहिल्यावरही मला तो आवाज हवाच होता. पुढच्या आठवड्यात ऑफिसातून मी पुन्हा फोन केला. बायकोने फोन उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला.

व्हायचं ते झालंच. बाईंच्या गॅलरीत धूर यायला लागला आणि त्यांनी तक्रार केली. सोसायटीच्या छोट्या ऑफिसात समिती बसली, मामांना बोलावलं. ते दाराशी चपला काढून उभे राहिले. खुर्च्या होत्या, पण त्यांना बसा असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

चाचांनी विचारलं, "मामा, नवं मशीन बिघडलंय का?"

"नाय. मस्त हाय."

"वीज जाते का कामाच्या वेळी?"

"नाय जात."

"मग पेट्रोल कुठे जातं? डबा तर सारखा रिकामा."

"जालतो."

"कशाला पण?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. आता तुम्ही बोला, एवढंच होतं. मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिलो. तेव्हा ते म्हणाले, "सायबांना आवाज लागते."

समितीतला एक जण फिस्सकन हसला. त्याच्यामागून आणखी कुणी. खरं सांगायचं तर ते वाक्य ऐकायला वेडगळच वाटत होतं. माणूस आवाजासाठी पेट्रोल जाळेल? कुणी असा दावा घेऊन माझ्या टेबलाशी आला असता तर मीही नाकारला असता.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला सरळ विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं का यांना?"

आणि मी म्हणालो, "जुनं मशीन चालवा, असं मी कधी सांगितलं?"

हे ते वाक्य. शब्दाशब्दाने खरं. मी तसं कधीच सांगितलं नव्हतं. दावा फेटाळताना आम्ही असंच लिहितो, प्रत्येक शब्द तपासून, म्हणजे कोर्टात सापडायला नको. बाईंनी मान हलवली. चाचांचा चेहरा बदलला. ते मामांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "विकत असशील तर सांग बाबा. माफ करू. झूट नको बोलू."

"आमी चोर नाय," मामा म्हणाले. कुणीतरी म्हणालं, गावातल्या मोटारसायकलवाल्यांना देत असणार. कुणीतरी म्हणालं, मला आधीच वाटलं होतं. त्यांना कामावरून काढायचं ठरलं. ठराव माझ्याच अक्षरात लिहिला गेला. मामा दाराबाहेर चपला घालताना भिंतीला हात टेकून उभे होते, कारण त्यांना खोकला आला होता.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तिने ताट वाढलं, स्वतः जेवली नाही. नंतर भांडी आवरताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "कुणाचा दावा खोटा, ते तुम्हाला वासावरून कळतं म्हणे."

त्यानंतर एजन्सीची माणसं गवत कापायला यायला लागली. ती विजेचंच मशीन वापरायची. बाईंच्या गॅलरीत धूर येत नव्हता, मुलं खाली खेळत होती, सगळं ठरावाप्रमाणे झालं होतं. मी मात्र लोकांवर नव्याने संशय घ्यायला लागलो. बायको शेजारणीशी बोलताना दिसली की वाटायचं, सांगत असेल. चाचा जिन्यात थांबले की वाटायचं, यांना कळलंय, बोलत नाहीत. बाईंनी नुसतं "कसे आहात" विचारलं तरी मी त्यात दुसरं काहीतरी शोधायचो. खरं तर बायको सोडली तर कुणालाच काही माहीत नव्हतं.

थंडी आली. एका संध्याकाळी वास सुटला होता आणि आम्ही काही जण गेटपाशी नाकाला हात लावून उभे होतो. चाचा म्हणाले, "मामा परत तिकडेच लागले, ऐकलंत का? तळोज्याला. कंपनी दुसरी, काम तसलंच. ॲसिडचे ड्रम." मग जरा थांबून म्हणाले, "चोरी केली असेल, पण वाईट वाटतं. या छातीचं काय होणार तिथे."

मी वर आलो. बायको खिडक्या लावत होती. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आता तरी."

पुढच्या समितीच्या सभेत मी बोललो. तयारी करून गेलो होतो, पण तयार केलेलं काही आलं नाही. मी म्हणालो, "पेट्रोल मामांनी चोरलं नव्हतं. ते म्हणाले तेच खरं होतं. आवाज नाही म्हणून मी त्यांचे खाडे लावले, म्हणून ते जुनं मशीन पेटवून ठेवायचे. मी खिडकीतून स्वतः पाहिलं होतं. सभेच्या आधी पाहिलं होतं."

कुणी हसलं नाही. चाचा खुर्ची मागे सारून उठले. "मी त्याला झूट नको बोलू म्हणालो," ते म्हणाले. "माझ्या तोंडून तोहमत लावलीत तुम्ही." बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला सरळ विचारलं होतं." मामांना परत बोलवायचं ठरलं. कुणी जायचं, यावर चाचा म्हणाले, "हे जातील. एकटे." मी सेक्रेटरीपद सोडतो म्हणालो, तर ते म्हणाले, "ते नंतर. आधी जाऊन या."

रविवारी मी रूळ ओलांडून गेलो. वाटेतही डोकं गप्प नव्हतं. भाऊबंद जमवून ठेवले असतील, मारतील. किंवा मामा नुसते हसतील आणि काहीतरी मागतील. काय मागतील याचा हिशेबही मी मनात करून ठेवला होता. इतकं सगळं होऊनही माफी मागायला जाताना मी समोरच्यावरच संशय घेत होतो.

घराच्या ओट्यावर त्यांची बायको सुकटातला कचरा निवडत बसली होती. शेजारी आणखी दोन बायका. मामा आत कंपनीचा खाकी शर्ट घालत होते, दुपारच्या पाळीला निघायचं होतं. मला पाहून बाहेर आले. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं.

"सायेब. इकडं कुटं?"

मी हलक्या आवाजात म्हणालो, "मामा, आत बसू या का? थोडं बोलायचं होतं."

"इतंच बोला."

"मी समितीत सगळं सांगितलंय. तुम्ही खरं बोलला होतात, ते सांगितलं. सगळ्यांचं म्हणणं आहे, तुम्ही परत या."

ते शर्टाची बटणं लावत राहिले. "तितं बोललाव, बरा झाला. पन आमाला चोर बोलले ती गोस्ट तितंच नाय रायली. इतं आली. हिला पानवट्यावर बाया इचारतात, तुजा घोव पेट्रोल इकाचा का." त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. "हिला सांगा. या दोगींसमोर सांगा. आमाला नका सांगू, आमाला ठावं हाय."

त्यांच्या बायकोने सुकटावरचे हात थांबवले नाहीत, पण मान वर करून पाहिलं. शेजारणी थांबल्या. मी चपला काढल्या आणि ओट्याच्या खाली उभा राहिलो.

"तुमच्या नवऱ्याने चोरी केली नाही," मी म्हणालो. "पेट्रोल विकलं नाही. माझ्या संशयापायी त्यांना ते जाळावं लागलं. मला ते माहीत होतं. सभेत त्यांना चोर ठरवलं तेव्हाही माहीत होतं, आणि मी बोललो नाही."

"मंग तवाच का नाय बोललाव?" तिने विचारलं. साधा प्रश्न होता, भांडण नव्हतं.

माझ्याकडे बरीच कारणं होती. ती सगळी मी वाटेत लावून आणली होती. त्यातलं एकही तिच्यापुढे उभं राहीना.

"लाज वाटली," मी म्हणालो. "माझी चूक दिसली असती. तुमच्या घरचं काय होईल याचा विचार केला नाही. मी चुकलो, वहिनी. तुम्हा दोघांचा मी गुन्हेगार आहे. मला माफ करा."